डायबिटीस असेल तर हिरड्यांचं काय करायचं: आरशासमोरच्या तपासणीपासून तीन महिन्यांनंतरच्या रिपोर्टपर्यंत

ब्रश केल्यावर थुंकी गुलाबी दिसली की बहुतेक लोक काय करतात, तर पेस्ट बदलतात, नाहीतर आणखी मऊ ब्रश आणतात, आणि जिथून रक्त येतंय त्या जागेला ब्रश लावायचंच बंद करतात. यात कुणाचंही नुकसानच आहे, पण डायबिटीस असेल तर ते तोंडापुरतं राहत नाही, थेट शुगरच्या रिपोर्टपर्यंत जाऊन पोचतं. माझ्या आईला टाइप २ डायबिटीस आहे, तिचे डोळे दरवर्षी तपासले जातात, पाय बघितले जातात, किडनीची टेस्ट होते, पण हिरड्या दाखवून या असं तिला कित्येक वर्षं कुणी म्हणालंच नव्हतं, आणि बऱ्याच घरांत हे असंच असतं. म्हणून सगळं एका जागी लिहितेय, आत काय घडतं तेही आणि करायचं काय तेही, कारण नुसतं 'फ्लॉस करा' सांगून कुणी रोज रात्री दातांच्या फटी साफ करत बसत नाही, का करायचं ते डोक्यात शिरलं की मग करतो.

हा संबंध काही आज सापडलेला नाही. १९९३ साली हॅराल्ड लो या दंतसंशोधकाने हिरड्यांच्या आजाराला डायबिटीसची सहावी गुंतागुंत म्हटलं, म्हणजे डोळे, किडनी, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि लवकर न भरणाऱ्या जखमा यांच्या पंगतीत हिरड्या आणून बसवल्या. हाडापर्यंत जाणारा हिरड्यांचा आजार, ज्याला पेरिओडोन्टायटिस म्हणतात, तो व्हायचा धोका डायबिटीसवाल्यांना साधारण दोन ते तीन पट असतो. पण हे सरसकट नाही, शुगर जितकी वर तितका धोका वर, आणि ज्यांची शुगर नीट ताब्यात आहे त्यांचा धोका बराच कमी. म्हणजे यात आपल्या हातात पुष्कळ काही आहे.

आधी हिरडीच्या आत जाऊन बघूया

दातांवर रोज जो चिकट थर बसतो तो प्लाक, म्हणजे जंतूंची जिवंत वस्ती. तो काढला नाही तर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, त्याचं कीटण होतं आणि मग ते कितीही घासलं तरी ब्रशने निघत नाही. ह्याच लो यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये एक प्रयोग केला होता, हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं, आणि १० ते २१ दिवसांत झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं परत सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत बऱ्याही झाल्या. ही झाली पहिली पायरी, जिंजिव्हायटिस, ही पूर्ण बरी होते.

दुसरी पायरी मात्र तशी नाही. सूज तशीच राहिली की हिरडी दाताला जिथे चिकटलेली असते तिथून सुटायला लागते, दात आणि हिरडीच्या मध्ये खोलगट खाच तयार होते, त्याला पॉकेट म्हणतात. त्या पॉकेटमध्ये हवा पोचत नाही आणि ब्रशही पोचत नाही, त्यामुळे ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूंना ती जागा फार मानवते, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हे त्यातलं सगळ्यात बदनाम नाव. मग खालचं हाड झिजायला लागतं, आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. दुखत तर काहीच नाही, हाच या आजाराचा सगळ्यात वाईट गुण. दाढ किडली तर माणूस रात्रभर झोपत नाही, पण हाड झिजत असताना वर्षानुवर्षं कळत नाही, आणि दात हलायला लागल्यावर धावाधाव सुरू होते.

आता एक आकडा सांगते. तोंडभर पेरिओडोन्टायटिस असेल तर सगळ्या पॉकेट्सच्या आतल्या सुजलेल्या अस्तराचं क्षेत्रफळ मिळून साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं असा अंदाज आहे. एवढी ओली जखम डायबिटीसवाल्या माणसाच्या पायावर असती तर घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. इथे ती दातांच्या मागे लपलेली आहे म्हणून कुणी विचारत नाही.

'इम्युनिटी कमी होते' हे अर्धंच खरं आहे

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. डायबिटीसमध्ये प्रतिकारशक्ती कमी होते असं आपण सरसकट म्हणतो, पण हिरडीत जे घडतं ते जास्त विचित्र आहे, तिथे प्रतिकारशक्ती एकाच वेळी कमीही पडते आणि जास्तही होते.

जंतू आले की सगळ्यात आधी धावून येतात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. रक्तात साखर सतत जास्त असेल तर या पेशी जागेवर पोचायला उशीर करतात, आणि पोचल्यावर जंतूला गिळून मारायचं कामही त्यांना धड जमत नाही. इथवर 'कमी पडते' हे बरोबर. पण काम झालं की या पेशींनी वेळेवर मरून जायला हवं, तेही होत नाही, त्या तिथेच रेंगाळतात आणि स्वतःजवळची तिखट रसायनं आणि एन्झाइम्स आजूबाजूला सोडत राहतात, ज्यांच्यामुळे हिरडीला दाताशी बांधून ठेवणारं कोलॅजन विरघळतं. आगीचा बंब उशिरा यावा, आग तर विझू नयेच, आणि वर पाण्याच्या माऱ्याने घराच्या भिंतीच पडाव्यात, तसं हे आहे.

दुसरी गोष्ट साखरेची. जास्तीची साखर शरीरातल्या प्रथिनांना चिकटते आणि हळूहळू त्यांची कायमची कडक संयुगं बनतात, त्यांना एजीई म्हणतात. हिरडीतलं कोलॅजन असं साखरेने जखडलं की ते जुनाट होतं, झीज भरून येत नाही. शिवाय मॅक्रोफेज नावाच्या पेशींवर या एजीईसाठी खास रिसेप्टर असतात, तिथे ती बसली की पेशी चवताळते आणि टीएनएफ अल्फा, इंटरल्यूकिन १ बीटा, इंटरल्यूकिन ६ असे सूज वाढवणारे निरोप धडाधड पाठवते. त्या निरोपांमुळे हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. म्हणजे हाड काही जंतू कुरतडत नाही, हाड आपल्याच शरीराच्या पेशी खातात, जंतू फक्त निमित्त. त्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या, रक्तपुरवठा आधीच आखडलेला, मग जखम भरणार कशी?

म्हणून इम्युनिटी वाढवणाऱ्या गोळ्या-पावडरींच्या मागे लागू नका असं मी अगदी कळकळीने सांगेन. इथे बिघडलेला आहे तो तोल, आणि तो ताळ्यावर आणायचे दोनच खात्रीचे मार्ग आहेत, एक म्हणजे ज्यामुळे सगळं पेटतं तो प्लाक आणि कीटण काढणं, आणि दुसरा म्हणजे साखर खाली आणणं. दोन्ही एकदम. एकच केलं तर दुसरं त्याला परत मागे ओढतं.

उलटा रस्ता: हिरडीकडून शुगरकडे

पॉकेटमधली सूज तिथल्या तिथे राहत नाही. तेच टीएनएफ आणि इंटरल्यूकिन रक्तात उतरतात, आणि स्नायू, लिव्हर, चरबी यांच्या पेशींमध्ये इन्सुलिनचा संदेश आत पोचवणाऱ्या साखळीत खोडा घालतात. इन्सुलिन आहे पण पेशी त्याचं ऐकत नाही, म्हणजेच इन्सुलिन रेझिस्टन्स. पथ्य पाळूनही, गोळ्या वेळेवर घेऊनही शुगर हट्टाने वर राहत असेल तर कारणांच्या यादीत हिरड्या असायलाच हव्यात.

उपचाराने फरक पडतो का, तर पडतो. २०२२ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने, ३५ चाचण्या एकत्र करून जो आढावा घेतला त्यात हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ताची टेस्ट, टक्क्यांत मोजतात) सरासरी ०.४३ ने खाली आलं, सहा महिन्यांनी ०.३० ने, आणि एक वर्षाने ०.५० ने. आकडा लहान वाटतो ना? पण ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या टाइप २ डायबिटीसवरच्या मोठ्या अभ्यासात एचबीए१सी १ ने कमी असण्याचा संबंध डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी कमी असण्याशी दिसला होता, त्या हिशोबात अर्धा टक्का म्हणजे थोडाथोडका नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१३ साली अमेरिकेत ५१४ लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी एचबीए१सी हललंच नव्हतं. त्यावर बराच वाद झाला, कारण उपचारानंतरही त्या लोकांच्या हिरड्यांमध्ये बरीच सूज आणि रक्त येणं शिल्लक होतं. मला यातून जे कळतं ते असं की नुसतं एकदा खुर्चीत बसून क्लीनिंग करून आलं की झालं असं नाही, हिरडी खरोखर शांत झाली पाहिजे, रक्त थांबलं पाहिजे. आणि हिरड्यांचा उपचार हा शुगरच्या औषधांच्या जोडीला असतो, त्यांच्या जागी नाही, त्यामुळे कुणी त्या भरवशावर गोळ्या सोडू नका.

पायरी १: आरसा आणि चांगला उजेड

खिडकीजवळ किंवा मोबाइलच्या टॉर्चमध्ये, हात धुऊन, ओठ बोटाने वर ओढून बघा. निरोगी हिरडी दाताच्या मानेपाशी पातळ कडेने घट्ट बसलेली असते आणि दोन दातांच्या मध्ये तिचं टोकदार त्रिकोणी टोक दिसतं. ते टोक फुगलेलं, गोल झालेलं, चकचकीत लाल किंवा जांभळट दिसलं तर सूज आहे. रंगावरून एकदम निष्कर्ष काढू नका, कारण सावळ्या लोकांच्या हिरड्यांवर नैसर्गिक काळपट पट्टे असतात आणि ते अगदी नॉर्मल आहेत, कडेचा आकार आणि चमक बघा. दात आधीपेक्षा लांब दिसतात का, समोरच्या दातांत नवीन फट पडलीय का, घास अडकायची जागा बदललीय का, चावताना एखादा दात उंच लागतो का, हिरडी दाबल्यावर पू येतो का, तोंडाचा वास ब्रश करूनही जात नाही का, हे सगळं बघून लिहून ठेवा.

सिगरेट ओढणाऱ्यांनी 'माझ्या तर हिरड्यांतून रक्त येत नाही' यावर अजिबात विसंबू नका. धूम्रपानामुळे हिरडीतून रक्त येणं दबून जातं, आजार आत चालूच असतो, फक्त दिसत नाही. डायबिटीस आणि सिगरेट एकत्र असेल तर हिरड्यांसाठी याहून वाईट जोडी नाही.

आणखी एक. बीपीसाठी अम्लोडिपिन किंवा निफेडिपिन चालू असेल, आणि डायबिटीसवाल्यांपैकी अनेकांना बीपीची गोळी असतेच, तर काही जणांमध्ये त्या औषधाने हिरडी वाढून दातावर चढते. असं दिसलं तर गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं, पर्याय असतात.

पायरी २: नुसतं 'दात दाखवून' येऊ नका, पॉकेट मोजून घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि इथेच सगळं अडतं. डेंटिस्टकडे गेल्यावर स्पष्ट म्हणा, मला डायबिटीस आहे, माझं पूर्ण पेरिओडोन्टल चार्टिंग करा. जमलं तर पेरिओडोन्टिस्टकडे, म्हणजे हिरड्यांच्या स्पेशालिस्टकडे जा.

आईचं चार्टिंग झालं तेव्हा मी शेजारीच बसले होते. बोथट टोकाची बारीक सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा, ती हिरडीच्या कडेतून हलकेच आत सरकवायची आणि किती आत जाते ते वाचायचं, प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. डॉक्टर एकेक आकडा बोलत होत्या आणि असिस्टंट लिहून घेत होती, तीन-दोन-तीन, तीन-दोन-तीन, समोरचे दात असे भराभर पुढे गेले आणि मागच्या दाढांपाशी आल्यावर पाच-चार-सहा सुरू झालं, आणि सळई बाहेर आली की मागे रक्ताचा ठिपका. आईला दुखत काहीच नव्हतं. सहा मिलिमीटर खोल खाच तोंडात आहे आणि माणसाला पत्ता नाही, हे समोर बघितलं की मग पटतं.

आकडे कसे वाचायचे, तर १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ आणि त्याहून जास्त म्हणजे पॉकेट, ६ च्या पुढे गंभीर. सोबत किती टक्के जागांमधून रक्त आलं तेही लिहितात, १० टक्क्यांच्या खाली असलेलं चांगलं. एक्स-रे मधून हाड किती शिल्लक आहे ते कळतं. या चार्टची कॉपी मागून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण तीन महिन्यांनी तुलना याच्याशीच करायचीय.

२०१८ पासून जी नवी वर्गवारी आलीय त्यात आजार किती झालाय त्याच्या चार स्टेज आहेत आणि तो किती वेगाने वाढेल त्याच्या ए, बी, सी अशा ग्रेड. डायबिटीस आहे आणि एचबीए१सी ७ च्या खाली आहे तर किमान बी, ७ किंवा वर असेल तर थेट सी. म्हणजे हिरड्यांच्या डॉक्टरला तुमचा शुगरचा रिपोर्ट माहीत नसेल तर त्याचं निदानच अर्धवट राहतं.

पायरी ३: दोन डॉक्टर, दोन रिपोर्ट, अदलाबदल

हे काम पेशंटलाच करावं लागतं. डेंटिस्टकडे जाताना गेल्या तीन महिन्यांतलं एचबीए१सी, चालू औषधांची यादी डोससकट, आणि शुगर एकदम कमी व्हायचा त्रास होतो का हे न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आवर्जून सांगा. आणि शुगरच्या डॉक्टरांकडे जाताना हिरड्यांचा चार्ट न्या, त्यांना सांगा की इतक्या जागांना पॉकेट आहे, उपचार सुरू होतोय. शुगर उतरायला लागली तर औषधांचा डोस बदलावा लागू शकतो, ते त्यांना माहीत असलेलं बरं.

इथे एक गैरसमज फार नुकसान करतो, 'आधी शुगर खाली येऊ दे, मग दातांचं बघू'. इम्प्लांट, कॉस्मेटिक काम, तातडीची नसलेली सर्जरी, यासाठी थांबणं बरोबर आहे. पण इन्फेक्शन काढायला थांबायचं नसतं, कारण तेच इन्फेक्शन शुगर वर धरून ठेवतंय, मग ती खाली येईल कधी आणि दात बघायचे कधी?

उलटंही होतं. डायबिटीस आहे हेच माहीत नाही आणि हिरड्यांत पुन्हा पुन्हा गळू येतायत, कमी वयात दात हलतायत, असं असेल तर एचबीए१सी करून घ्या. ६.५ आणि वर म्हणजे डायबिटीसच्या रेंजमध्ये, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर.

पायरी ४: क्लीनिंगचा दिवस

उपचाराचा पाया म्हणजे हिरडीच्या वरून आणि खालून, मुळांपर्यंत साफसफाई, स्केलिंग आणि रूट प्लेनिंग. खोल पॉकेट असतील तर भूल देऊन करतात, एका बैठकीत किंवा तोंडाचे भाग पाडून दोन-चार बैठकांत.

अपॉइंटमेंट शक्यतो सकाळची घ्या, नेहमीचा नाश्ता करून आणि नेहमीची औषधं घेऊन जा. उपाशी अजिबात जायचं नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि खाणं लांबलं तर खुर्चीतच शुगर घसरते. ग्लुकोमीटर सोबत असू द्या. ७० च्या खाली आली, घाम फुटला, हात थरथरले, गरगरलं, तर काम थांबवायला सांगा, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा, अजून कमीच असेल तर परत तेवढंच. नंतर भुलेमुळे ओठ बधिर असताना जेवण लांबणार असेल तर औषधाची वेळ कशी सांभाळायची हे आधीच विचारून घ्या.

अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. डायबिटीस आहे म्हणून सरसकट कोर्स द्यायचा असं काही नाही, पू, ताप, पसरणारी सूज असेल तर वेगळी गोष्ट, ते डॉक्टर ठरवतील. घरात उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणं तर पूर्ण बंद.

'क्लीनिंग केलं की दात सैल होतात' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. होतं काय, तर वर्षानुवर्षं कीटणाने दात एकमेकांना जखडलेले असतात आणि सुजलेल्या हिरडीने फटी झाकलेल्या असतात, कीटण निघालं आणि सूज उतरली की खरी परिस्थिती उघडी पडते. फटी दिसतात, थंड लागतं, काही आठवडे शिवशिवतं. हाड आधीच गेलेलं असतं, क्लीनिंगने नाही. शिवशिवण्यासाठी सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट वापरा, हळूहळू कमी होतं.

पायरी ५: घरी रोज

याच्याशिवाय वरचं सगळं पाण्यात. क्लीनिंगनंतर पॉकेटमध्ये जंतू पुन्हा वस्ती करायला बघतातच, त्यांना रोज विस्कटायचं काम आपलं.

मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन मिनिटं. ब्रश दातावर आडवा घासायचा नाही, दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेवर ४५ अंशांत तिरका टेकवायचा, केस थोडेसे कडेखाली जातील असा, आणि तिथेच बारीक थरथरवायचा, मग पुढच्या दोन दातांवर. मागच्या दाढांची जिभेकडची बाजू सगळ्यांची सुटते, तिथूनच सुरुवात करत जा. रात्रीचं ब्रशिंग झाल्यावर पेस्ट थुंकायची पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, फ्लोराइड दातावर राहू द्यायचं. ब्रशचे केस पसरले की बदला, नाहीतर तीन महिन्यांनी.

मग फटी. आजार दोन दातांच्या मध्येच सगळ्यात जास्त असतो आणि साधा ब्रश तिथे जातच नाही. फट उघडी झालेली असेल तर फ्लॉसपेक्षा इंटरडेंटल ब्रश चांगला, तो छोटासा बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसतो. साइज महत्त्वाची आहे, सैल जाता कामा नये आणि जोर लावून घुसवायचाही नाही, जाताना केसांची थोडी घासट जाणवली पाहिजे. पुढच्या आणि मागच्या फटींना वेगवेगळी साइज लागते, त्यामुळे पहिल्यांदा क्लिनिकमध्येच बसवून दाखवायला सांगा. पहिले काही दिवस रक्त येईल. येऊ दे, थांबू नका, सुजलेल्या जागेतून ते येतंय, रोज साफ झालं की आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होत जातं. दोन आठवड्यांनीही तेवढंच येत असेल तर आत कीटण राहिलेलं असू शकतं, परत दाखवा. नसांच्या त्रासामुळे बोटांत पकड राहिली नसेल किंवा नजर कमी झाली असेल तर जाड मुठीचा किंवा इलेक्ट्रिक ब्रश घ्या, आणि फटींच्या कामाला घरच्या कुणी मदत करावी.

क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी दिलं तर ठरावीक दिवसच, साधारण दोन आठवडे, त्याने दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. पेस्टनंतर लगेच वापरलं तर त्याचा असर कमी होतो, अर्धा तास जाऊ द्या. आणि माउथवॉश पॉकेटच्या तळाशी पोचत नाही, ब्रशच्या ऐवजी ते चालत नाही.

शुगर जास्त असली की लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं, मग कीड आणि बुरशी दोन्हीला मोकळं रान. पाण्याचे घोट घेत राहा, साखर नसलेलं च्युइंग गम चघळा, कवळी असेल तर रात्री काढून, घासून ठेवा. जिभेवर किंवा गालात पुसून निघणारे पांढरे चट्टे आणि आग असेल तर बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध लागतं.

पायरी ६: तीन महिन्यांनी हिशोब

तीन महिनेच का, तर लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि एचबीए१सी मधून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, आणि हिरडी चिकटून बसायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. तेव्हा परत चार्टिंग आणि परत एचबीए१सी, जुन्याच्या शेजारी ठेवून बघा. रक्त येणाऱ्या जागा किती उरल्या आणि ६ चे ४ झाले का, हे दोन आकडे मुख्य. रक्त येणारं खोल पॉकेट अजून शिल्लक असेल तर परत खोल क्लीनिंग किंवा छोटी सर्जरी लागू शकते. एचबीए१सी हललं नसेल तरी लगेच हिरमुसू नका, त्यावर जेवण, औषध, झोप, ॲनिमिया अशा बऱ्याच गोष्टींचा परिणाम असतो, हिरड्या शांत झाल्या हा फायदा वेगळा आहेच.

पुढे दर तीन-चार महिन्यांनी मेंटेनन्सचं क्लीनिंग, वर्षातून एकदा नाही. सगळं छान राहिलं तर डॉक्टर अंतर वाढवतील. टाइप १ असलेल्या मुलांच्याही हिरड्या वर्षातून एकदा तरी नक्की तपासून घ्या, मोठं होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

हे दिसलं तर तीन महिने काय, तीन तासही थांबू नका

गाल किंवा जबड्याखाली वाढत जाणारी सूज, ताप, तोंड उघडायला त्रास, गिळता न येणं, जीभ वर उचलली जाणं, श्वासाला अडथळा, हे असेल तर दवाखान्याची वेळ बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. शुगर खूप वर असताना टाळूवर काळा डाग, चेहऱ्याचा एक भाग बधिर, डोळ्याभोवती सूज, नाकातून काळपट स्राव, हे म्युकरमायकोसिसचं, म्हणजे ब्लॅक फंगसचं लक्षण असू शकतं आणि त्यात प्रत्येक तास मोलाचा असतो. दाताच्या इन्फेक्शनमध्ये टाइप १ वाल्यांना उलट्या होत असतील तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात आणि लघवीत वाढणारी आम्लं) तपासा, आणि खाणं जात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करू नका, डोस कसा घ्यायचा ते लगेच फोन करून विचारा. निघताना औषधांची यादी आणि शेवटचं शुगरचं रीडिंग कुणाच्या तरी हातात द्या.